लाल रेघ शाबूत होती

बाईंनी डबा टेबलावर ठेवला, पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

"आत बघितल्यावर तुम्हीही म्हणाल, दोष माझाच आहे," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर सरळ सांगून टाका. जी काय शिक्षा असेल ती मी भोगेन. पण तसं नसेल..."

"तसं नसेल तर?" ताईने विचारलं.

"तर माझ्या लेकीच्या जिवावर कुणीतरी उठलंय. आणि तो माणूस माझ्याच घरात बसून जेवतो."

धाकटीने मांडीवरच्या लेकराला, पिल्लूला, नकळत जवळ ओढलं. सात महिन्यांच्या त्या जिवाला काय कळणार, ते आपलं डब्याकडे हात करून "द्द द्द" करत होतं.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीने पंधरा वर्षं विमा कंपनीत राहून कारखान्यांतले अपघात तपासले होते. यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, एवढं शिकून ती बाहेर पडली आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. सगळे तिला ताईच म्हणत. धाकटी नर्स होती आणि बाळंतपणाच्या रजेवर होती. ताईची टिपणं ती लिहून देई. तिला सगळं कळायचं, फक्त इतरांपेक्षा थोडं उशिरा.

ताईने झाकण उघडलं. आत पोलादाचे चार वेडेवाकडे तुकडे होते.

"ही आमची टोपी," बाई म्हणाल्या. "रायफलच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसते. दोन्ही बाजूंना खिडक्या असतात. गोळी सरळ पुढे जाते, तिच्यामागचा वायू खिडक्यांतून बाजूला फेकला जातो. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का निम्म्यावर येतो. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवतो आम्ही. नकाशे मी काढते, मिस्त्री लेथवर घडवतो, भाऊजी, म्हणजे माझे दीर, विक्री बघतात, आणि चाचणी हे घेतात. माझे मिस्टर."

"आणि ही कुणाच्या रायफलीची?"

"माझ्या लेकीच्या. सोळा वर्षांची आहे. खांदा बघाल तर चिमणीएवढा! मोठ्या रायफलीचा धक्का तिला सोसेना, म्हणून तिच्यासाठी म्हणून मी ही वेगळी आखली. तीन महिने घालवले. गेल्या दोन महिन्यांत तिने चारशे बारा गोळ्या झाडल्या हिच्यासह. सगळ्या वहीत लिहून ठेवते ती."

गुरुवारी दुपारी, स्पर्धेआधीची चाचणी होती. तीन गोळ्या झाडायच्या, बस. एरवी लेकच झाडते. पण तिला शाळेतून यायला उशीर झाला, तेव्हा बाप म्हणाला, मीच उरकतो. तिसऱ्या गोळीला टोपी फुटली. एक कपची उडाली ती त्याच्या डोळ्यात.

"दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे," बाई म्हणाल्या. "एक वाचेल म्हणतात. दुसऱ्याचं नक्की नाही."

 मग ताईने हळूच विचारलं, "गोळी झाडण्याआधी काय काय तपासता?"

"दोन गोष्टी. मिस्त्री टोपी पान्याने आवळतो आणि टोपीवरून नळीवर एक लाल रेघ ओढतो. टोपी केसभर जरी फिरली तरी रेघ तुटते, लगेच कळतं. दुसरी सळई. नळीतून एक सरळ सळई घालायची, ती टोपीतून कुठेही न अडकता बाहेर आली पाहिजे. म्हणजे टोपी नळीच्या रेषेत आहे. नसली तर गोळी टोपीला आतून घासते, आणि मग हे असं." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "पण रेघ शाबूत होती! बघा, तुकड्यावर अजून आहे. आणि सळई आरपार गेली होती. ह्यांनी स्वतः दवाखान्यात मला सांगितलं. वहीत खूणही केलीय."

"मग तुम्हाला कुणाचा संशय आहे?"

"सळई घालून झाल्यावर ह्यांना फोन आला. दहा मिनिटं रायफल बाकावर तशीच पडून होती. त्या दहा मिनिटांत कारखान्यात तिघंच होते. मिस्त्री, भाऊजी, आणि लेकीचे प्रशिक्षक. कुणी काय केलं मला माहीत नाही. पण रायफल लेकीची. गोळी तीच झाडणार होती, हे तिघांनाही ठाऊक होतं." त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी मी फौजदाराकडे जाऊन भाऊजींचं नाव देणार आहे. तोवर लेकीला कारखान्यावरच्या खोलीत ठेवलंय. बाहेरून कुलूप लावून."

---

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. तीन लेथ, तेलाचा वास, आणि मागच्या भिंतीला लागून चाचणीची बोळ: साठ पावलं लांब, बिनखिडकीची, दोन्ही अंगांना वाळूच्या गोणी. धाकटीने तिच्या दारातून आत डोकावलं आणि लगेच मागे सरली. आत काळोख होता आणि थंडगार होतं. जमिनीवर कुणीतरी पाणी ओतून घासलेलं दिसत होतं. डाग तरीही होता.

"मी पिल्लूला घेऊन बाहेर थांबू का?" तिने विचारलं.

"बाहेर कुणाबरोबर थांबशील?" ताई म्हणाली. "त्या तिघांपैकी एकाबरोबर?"

धाकटी गुपचूप मागोमाग चालू लागली.

रायफल बाकावर शिकंज्यात धरून ठेवलेली होती. नुसतीच, बिनटोपीची. नळीच्या टोकाचे आटे उघडे पडले होते. ताई भिंग लावून रेघ बघत होती. अर्धी रेघ नळीवर, अर्धी डब्यातल्या तुकड्यावर. चांगली लालभडक, चकचकीत. मग तिने तुकडा उलटा केला आणि खिडकीच्या आतल्या अंगावर बोट फिरवलं. बोटावर धुरकट, पुसट असा थर आला. खालचं पोलाद नवं भांडं असावं तसं लखलखत होतं.

धाकटीने कुतूहलाने नळीच्या आट्यांना हात लावला. तेवढ्यात पिल्लूने नाक घासलं म्हणून तिने ते पुसलं, आणि पोराच्या नाकापासून गालापर्यंत काळा, ओरबाडल्यासारखा पट्टा उठला.

"अगंबाई! काजळीच आहे ही सगळी!"

ताई पोराच्या गालाकडे बघतच राहिली. इतका वेळ, की धाकटीला वाटलं, काही चावलं की काय.

मिस्त्री साठीचा, पांढऱ्या मिशांचा. हात थरथरत होते, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले होते.

"बघून घ्या," तो म्हणाला आणि हात पुढे करून दाखवले. "लेथवर गेले की थांबतात. चहाच्या कपाला मात्र ऐकत नाहीत. वहिनी नवं यंत्र आणणार आहेत, बटण दाबलं की टोपी तयार! मग म्हाताऱ्याचं काय काम? झालं, माझ्यावर संशय घ्यायला एवढं पुरे."

"टोपी तुम्हीच आवळली होती?"

"दोन महिन्यांपूर्वी. नवी कोरी नळी, नवी कोरी टोपी. पान्यावर अख्खा भार टाकला मी. मग रेघ ओढली. माझी रेघ चाळीस वर्षांत तुटली नाही."

"कशाने ओढता?"

"लाखेचा रंग. तो काय, त्या डब्यात." डब्यातला रंग वाळलेल्या विटेसारखा होता.

"आणि सळई कुठे असते?"

मिस्त्रीने भिंतीवरून तेलकट कागदात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली लांब सळई काढून दिली. "दर बुधवारी सगळी हत्यारं पुसून बांधतो. ही गाठ माझ्या बापाची. दुसऱ्या कुणाला सुटत नाही. चाचणी घेताना साहेब तर दर वेळी दोरा कापूनच टाकतात, आणि मी दर वेळी बोंबलतो."

ताईने गाठ निरखली, सळई न सोडवताच परत दिली. "कारखाना केव्हापासून बंद आहे?"

"गुरुवारी वहिनींनी कुलूप घातलं ते आज उघडलं. आम्ही पाच दिवस फाटकाबाहेर बसून माश्या मारतोय."

---

दीर आला तो तणतणतच.

"विचारा, विचारा. मी भांडलो होतो, हे सांगितलंच असेल वहिनींनी. हो, भांडलो! मोठी कंपनी नकाशे विकत मागतेय, आणि ह्या म्हणतात, लेकीसाठी काढलाय, विकायचा नाही. मी म्हणालो, एक दिवस ही टोपी आपल्याच अंगावर उलटेल. म्हणालो ना? आता माझं तोंड मलाच नडलं!"

"रायफल चालवता येते तुम्हाला?"

"मला? फटाका वाजला तरी मी कानावर हात ठेवतो. रायफलीचं कपाट पोरीच्या गुप्त आकड्यांनी उघडतं. माझ्याकडे साधा परवाना नाही." त्याचा आवाज एकाएकी खाली आला. "मॅडम, त्या पोरीला मी खांद्यावर बसवून फिरवलीय. वहिनी आता मला जिन्यापाशीसुद्धा जाऊ देत नाहीत. मी वरच्या खोलीकडे नुसतं बघितलं तरी त्या मध्ये येऊन उभ्या राहतात."

प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते फाटकापाशी मोटारीला टेकून उभे होते.

"दुसरी कंपनी आमच्या संघाला टोप्या देतेय, हे खरं. मी तिला सुचवलंही होतं. पण त्यासाठी कोणी मुलीचा जीव घेतो का?"

"सरावाच्या वेळी तुम्ही तिच्या मागे उभे असता?"

"छे! काचेपलीकडच्या खोलीत. समोर पडदा असतो, गोळी निशाणावर कुठे बसली ते दिसतं. मुलींच्या पाठी दिसतात फार तर."

"ह्या टोपीचा इतर मुलींना त्रास व्हायचा का? वायू बाजूला फेकला जातो म्हणून विचारते."

"पहिल्या दोन-तीन दिवसांत झाला ना! शेजारच्या मुली रडकुंडीला आल्या. कानठळ्या बसायच्या, तोंडावर झोत यायचा. तिला 'तोफ' म्हणायला लागल्या, तिच्या शेजारची जागा कुणी घेईना. मग तक्रारी थांबल्या. सवय झाली असेल."

"टोपी काढायचा पाना नेमबाजीच्या रेंजवर असतो?"

"कपाटात असतो, किल्ली माझ्याकडे. कुणाला देत नाही." ते थोडे थांबले. "दोन महिन्यांपूर्वी एकदा तिनेच मागितला होता. पट्ट्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाली. पाच मिनिटांत परत केला."

धाकटी हे सगळं वहीत लिहीत होती. पिल्लू कडेवर चुळबुळत होतं, म्हणून तिने त्याला मघाशी बाईंनी कुलूप काढून खाली आणलेल्या लेकीकडे दिलं होतं. मुलगी शांत होती, फिकट होती, नखांवरचा रंग खरवडून काढलेला, डोळे जागून तांबारलेले. पण पोराला बघून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता.

धाकटीने वहीतून मान वर केली.

मुलगी नव्हती. पिल्लूही नव्हतं.

---

धाकटी वही टाकून धावली. शेडमध्ये नाहीत. फाटकापाशी नाहीत. दीर लेथपाशी उभा, एकटा. मिस्त्री? मिस्त्री दिसेना. सर मोटारीपाशी होते ना आत्ता? मोटार होती, सर नव्हते.

"पिल्लू!" ती ओरडली. शेडने तिचा आवाज तिलाच परत दिला.

बोळीचं दार लोटलेलं होतं. मघाशी उघडं होतं.

तिने दार ढकललं. डोळ्यांना आधी काहीच दिसेना. मग वाळूच्या गोणीला टेकून बसलेली मुलगी दिसली. पिल्लू तिच्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगत होतं.

"इथे बाबा पडले होते," मुलगी म्हणाली. "ह्याला झोप येत होती, बाहेर सगळे मोठ्याने बोलत होते. म्हणून आत आणलं. चुकलं का, मावशी?"

 धाकटीने खाली बसून पोराला उचलायला हात घातला, तेव्हा ते चाळवलं आणि मुलीच्या उजव्या खांद्यावर त्याची टाळू आदळली. मुलगी कळवळली. एवढीशी टाळू, सात महिन्यांच्या पोराची! मुलीने श्वास ओढून डोळे मिटून घेतले.

"लागलं?"

"नाही, नाही."

"आई म्हणते, मला कुणीतरी मारायला बघतंय," थोड्या वेळाने मुलगी म्हणाली. "रात्रभर माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसते ती. मावशी, एखाद्याला कुणी मारायला बघत नसेल, पण मारायला हवं होतं, असं असतं का हो?"

 नर्स म्हणून धाकटीने असली वाक्यं ऐकली होती. असं बोलणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. तिने पोराला एका हाताने आणि मुलीला दुसऱ्या हाताने धरलं आणि दोघांना उजेडात आणलं. हात सोडला नाही.

ताईला गाठून तिने सगळं सांगितलं, खांद्याचंसुद्धा.

"उजवा?" ताई म्हणाली. "नक्की?"

"डावीकडे घेतलं होतं तिने पोर. उजवीकडे लागलं. ताई, मला काहीच कळत नाहीये, पण मला भीती वाटतेय. कुणाची ते कळत नाही."

"मला कळलंय," ताई म्हणाली. "कुणाची नाही. कुणासाठी. चल, आता थांबून चालणार नाही."

---

सगळे बाकाभोवती जमले. पाण्याचा नळ सोडून मिस्त्री आला, सरांना फाटकाबाहेरून फोनवरून ओढून आणलं. लेक जिन्याच्या तळाशी उभी होती, तिचा हात धाकटीच्या हातात होता.

"रेघ शाबूत आणि सळई आरपार," ताईने सुरुवात केली. "हे दोन्ही खरं धरलं तर फक्त ती दहा मिनिटं उरतात, आणि तुम्ही तिघं. पाच दिवस हे घर त्या दहा मिनिटांत कोंडलं गेलंय. म्हणून मी आधी विचारलं, हे दोन्ही खरं आहे का?"

तिने सळई उचलली.

"ही मिस्त्रींनी बुधवारी बांधली. साहेब दर वेळी दोरा कापतात. गुरुवारनंतर कारखाना बंद. मग मिस्त्रींची गाठ अजून जशीच्या तशी कशी?"

मिस्त्रीचं तोंड उघडंच राहिलं. "अरे, म्हणजे..."

"म्हणजे गुरुवारी सळई घातलीच नाही."

"पण ह्यांनी मला सांगितलं!" बाई म्हणाल्या.

"सांगितलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस बायकोला दुसरं काय सांगणार? रेघ शाबूत दिसली, घाई होती, वहीत खूण करून टाकली. दर वर्षी असे चार अपघात बघायचे मी. तेव्हा ती दहा मिनिटं विसरा. टोपी बिघडली असेल तर आधीच बिघडलेली होती."

तिने डब्यातला तुकडा उजेडात धरला.

"आता रेघ. मिस्त्रींचा रंग विटेसारखा, मंद. ही रेघ चकाकतेय. आणि मिस्त्री नव्या कोऱ्या नळीवर रेघ ओढतात. नळीवरच्या ह्या रेघेखाली काजळी आहे. आधी काजळी, मग रंग. रायफल चालवल्यानंतर कुणीतरी जुनी रेघ पुसून नवी काढली. का? कारण टोपी एकदा काढून परत बसवली होती. नुसत्या हाताने. पान्याइतकी ती फिरली नाही, म्हणून रेघेची दोन टोकं जुळेनात."

"कुणी?" बाईंनी दिराकडे बघत विचारलं.

"टोपी आतून बघा. चारशे बारा गोळ्या झाडलेली टोपी चुलीच्या धुराड्यासारखी काळी हवी. ही लखलखतेय. वर पुसटसा थर आहे, पहिल्या दिवसांच्या मोजक्या आणि गुरुवारच्या तीन गोळ्यांचा. उलट, नळीचे आटे टोपीखाली झाकलेले असतात, ते स्वच्छ हवेत. माझ्या भाच्याच्या गालावर बघा, केवढी काजळी निघाली! म्हणजे ही रायफल शेकडो वेळा टोपी काढून झाडली गेली. भाऊजींकडे परवाना नाही, कपाटाचे आकडे नाहीत. मिस्त्रींच्या हातात ती फक्त ह्या शेडमध्ये येते, आणि इथली प्रत्येक गोळी वहीत असते. सर काचेपलीकडे बसतात. ह्या तिघांपैकी कुणाचाही ह्यात हात नाही."

दिराने भिंतीला टेकून खाली बसकण मारली. "वहिनी," तो म्हणाला, आणि त्याने चेहरा ओंजळीत झाकला.

"मग राहिलं कोण?" बाईंचा आवाज चिरला. "नाव सांगा. माझ्या लेकीला कुणी..."

"ज्याने ही रेघ काढली," ताई म्हणाली, "त्याला कुणालाही दुखवायचं नव्हतं. एवढंच मी सांगेन. उरलेलं सांगायचा हक्क माझा नाही."

धाकटीच्या हातातली बोटं एकदम गार पडली. तेव्हा कुठे तिला कळलं. थांबलेल्या तक्रारी. पाच मिनिटांसाठी मागितलेला पाना. धक्क्याने सुजलेला खांदा. खरवडलेली नखं. तिने हात आवळला नाही, सोडलाही नाही.

"आई," मुलगी म्हणाली. "नेलपॉलिश होतं ते."

तिने मोकळ्या हाताची नखं आईपुढे धरली.

"मी रेंजवर गेले की काढायचे. घरी यायच्या आधी परत लावायचे. तू तीन महिने त्या नकाशावर डोळे फोडलेस, माझ्या खांद्यासाठी. आणि माझ्या शेजारी कुणी उभंच राहत नव्हतं. तुला कसं सांगणार होते मी? गुरुवारी येऊन आधी पान्याने आवळणार होते. बस चुकली. मी धावत आले, आई. फाटकापाशी होते. दोन आवाज ऐकले. बाबा म्हणून ओरडले. तेवढ्यात तिसरा..."

बाईंनी हात वर केला. धाकटीला वाटलं, आता मारतात. पण तो हात हवेत तसाच राहिला, मग कपाळावर गेला.

"पाच दिवस मी दाराबाहेर राखण बसले," त्या म्हणाल्या. "आणि तू आत हे घेऊन एकटी?"

मुलगी आपल्या पायांकडे बघत राहिली.

"शेजारच्या पोरीला झोत कुठे लागायचा?"

"अं?"

"कुठे लागायचा? नीट सांग."

"इथे. कानाखाली. गालाला."

"मी तुझा खांदा धरून आखली ती," बाई सावकाश म्हणाल्या. "तुझ्या शेजारी कुणी उभं असेल, हे माझ्या कागदावर आलंच नाही. मीच विचारत होते ना, दोष माझा का? आहे. अर्धा तरी आहे." त्यांनी दोन ढांगांत अंतर तोडलं आणि मुलीला कवेत घेतलं, उजवा खांदा सांभाळून.

"भाऊजी," त्या तिच्या केसांवरूनच म्हणाल्या, "उद्या मी तुमचं नाव..."

"राहू द्या वहिनी," दीर नाक पुसत म्हणाला. "मी तरी काय, पाच दिवस मिस्त्रीच्या हातचा चहा घेतला नाही."

"म्हणूनच कप भरून परत यायचा!" मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, साखर जास्त पडतेय."

---

दवाखान्याच्या खोलीत खाटेवर तो उठून बसला होता, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी. मुलीला आईने आधी आत पाठवलं. दार उघडंच होतं. ताई बाहेरच्या बाकावर बसली, तिला अशा वेळी भिंतीकडे बघायची सवय होती. धाकटीला ते जमलं नाही. ती पिल्लूला थोपटत दाराशीच उभी राहिली.

मुलीने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, न थांबता, धडा म्हणावा तसं. शेवटी म्हणाली, "तुमचा डोळा मी घेतला, बाबा."

त्याची बोटं चादरीची घडी चाचपत राहिली. धाकटीला वाटलं, आता हा काय बोलेल त्यावर ह्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे. तिला आत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. तिला पळून जावंसं वाटलं.

"सळई घातली असती तर अडकली असती," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. नाही घातली मी. आणि तुझ्या आईला सांगितलं, घातली. पाच दिवस इथे पडून मी वाट बघतोय, कुणीतरी ती गाठ बघेल म्हणून. तुझ्या काकाला पकडतील असं वाटलं तरी माझं तोंड उघडलं नाही. आता बोल. कुणी कुणाचा डोळा घेतला?"

मुलगी रडायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलासारखी.

त्याने तिच्याकडे हात केला. पण ती त्या बाजूला नव्हती. खिडकीच्या अंगाला होती. हात रिकाम्या हवेत चाचपडत राहिला.

ती खाटेला वळसा घालून आली, आणि वाकून त्या हाताखाली डोकं ठेवलं.